जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्परमधला आवाज: पत्र्याला काय लावायचं, कुठे आणि किती?

पातलीपाडा_कॅम्पर (ठाणे)

मंडळी, गाडी २०१२ ची टेम्पो ट्रॅव्हलर, ३३५० मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), डिझेल. मागच्या सीटा काढून दोन बर्थ, ओटा आणि ६० लिटरची टाकी बसवली आहे. आरसीवर बदलाची नोंद आहे. आवाज मात्र असह्य आहे, त्यामुळे आतलं प्लाय पुन्हा उघडायची तयारी ठेवली आहे.

ताशी ६० किमीच्या आसपास आत एक जाड घुमारा उठतो, कान दडपल्यासारखे होतात. घोडबंदर रोडच्या काँक्रीटवर मागच्या चाकांकडून सतत 'सूंऽऽ' येतो. पावसात टपाखाली बोलणं ऐकू येत नाही. बाकी खडखड तर चालूच आहे.

मोजमाप: मागचा भाग आतून ३.२ मीटर लांब, १.७ मीटर रुंद. खिडक्यांखालचा पत्रा साधारण ०.९ मीटर उंच. गॅरेजवाला म्हणतो, सगळीकडे डांबरी शीट मारून टाकू. इतर दोघांनी पफ (फवारल्यावर फुगणारा पॉलियुरेथेन फोम) फवारायला सांगितलं. किती माल लागेल, कुठे लावायचा, आणि वजन किती वाढेल? एकदाच नीट करायचं आहे.

---

नट_बोल्ट_रबाळे

शीट विकत घ्यायच्या आधी आवाज कुठून येतो ते शोधा. नाहीतर ३० किलो माल चिकटवाल आणि घुमारा तिथेच राहील.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. २४०० आरपीएमला (मिनिटाला २४०० फेऱ्या) सेकंदाला ८०. तुमचा घुमारा ह्याच पट्टीतला वाटतो. तपासायला सपाट, मोकळा रस्ता घ्या आणि वेग ६० ठेवून एक गिअर खाली टाका. घुमारा वर सरकला किंवा नाहीसा झाला तर तो इंजिनाचा. तसाच राहिला तर चाकं, प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस-सांधा नाहीतर हब बेअरिंग. नंतर गाडी उभी करून २४०० ला रेस द्या. उभ्या गाडीतही घुमला तर इंजिनाचे माउंटिंग रबर आणि सायलेन्सर लटकवायचे रबर बघा. जुन्या गाडीत हे रबर दगडासारखे होतात आणि इंजिनाचा थरथराट थेट चासीत उतरतो. तिथे शीटचा काही उपयोग नाही, रबर बदलावे लागतात. चाचणी करताना चालत्या गाडीत इंजिन बंद करू नका, ब्रेकचा सर्व्हो आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

एक्झॉस्टला कुठे फटीतून 'फट्फट्' येत असेल तर ते काम सर्वांत आधी. त्यात आवाजापेक्षा धूर आत येण्याचा धोका मोठा आहे. तुम्ही त्याच गाडीत झोपणार आहात.

आता फटी. ह्या गाडीत इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये, दोन सीटांच्या मध्ये कव्हरखाली असतो. रात्री बॉनेटखाली एलईडी दिवा लावा, आत काळोख करून बसा. पेडलच्या मुळाशी, गिअर लिव्हरच्या बुटाशी, एसीच्या पाइपाभोवती, जुन्या वायरिंगच्या उघड्या भोकांत जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येतो. हिशेब सांगतो: एखाद्या भिंतीत १ टक्का क्षेत्रफळ उघडं असेल तर बाकीची भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. म्हणून पहिला खर्च ग्रोमेट (वायरीच्या भोकात बसणारी रबरी कडी), ब्यूटाइल ह्या चिकट रबराची दोरी आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते पत्रा गंजवतं आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही.

इंजिन कव्हरची कड वर्तमानपत्राच्या पट्टीने तपासा. पट्टी कडेखाली ठेवून कव्हर बंद करा, क्लिपा लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथे गॅस्केट दबत नाहीये. दर १० सेंटिमीटरवर बघत चला. बहुतेक वेळा क्लिपांजवळ पट्टी घट्ट बसते आणि मधल्या भागात सैल निघते. ईपीडीएम रबराचं पोकळ डी-आकाराचं गॅस्केट लावा, भरीव स्पंज नको; तो वर्षभरात बसून जातो.

---

पातलीपाडा_कॅम्पर (ठाणे)

गिअर खाली टाकल्यावर घुमारा गायब होतो, आणि उभ्या गाडीत २४०० ला पुन्हा येतो. म्हणजे इंजिनच. कव्हरची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला चक्क हवेने हलते आहे. माउंटिंग बदलायला टाकतो. तोवर मालाचं सांगा.

---

पत्रा_प्लाय_तुर्भे

मालाचे तीन प्रकार आणि तिघांची कामं वेगळी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की पैसे वाया.

पहिला प्रकार ब्यूटाइल शीट, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली, २ मिमी. ती पत्र्याचं कंपन मारते. आवाज अडवणं तिच्या कुवतीबाहेरचं आहे. बोटाच्या पेराने पत्र्याच्या मधोमध टिचकी मारा, 'टण्ण' वाजेल. तिथे वहीच्या पानाएवढा तुकडा चिकटवा, पुन्हा टिचकी मारा, 'ठप्' येईल. बस. त्याच पत्र्यावर आणखी चार तुकडे लावलेत तरी 'ठप्'च येतं. म्हणून छताला निम्मा, बाजूंना ३० टक्के आणि दरवाजांना ४० टक्के भाग पुरतो. चाकांच्या कमानी आणि पुढचा पायाखालचा भाग मात्र पूर्ण भरायचा, तिथे टायरचे खडे आणि पाणी आपटतं.

तुमच्या मापाने: छत ५.४ चौरस मीटर, निम्मं म्हणजे २.७. दोन्ही बाजू मिळून ५.८, त्याच्या ३० टक्के १.७. कमानी १.२. पुढचा पाय ठेवायचा भाग आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) १.५. पुढचे-मागचे दरवाजे मिळून १.२. एकूण ८.३, कापाकापीची घट धरून ९ चौरस मीटर घ्या. २ मिमी शीट चौरस मीटरला ३.३ किलोच्या आसपास भरते, म्हणजे २७-२८ किलो प्रत्यक्ष चढतील. खोक्यावर 'मिमी' लिहिलेलं असतं त्यात पापुद्रा धरला आहे की नाही विचारा, आणि शक्य असेल तर खोकं वजन करून घ्या. माल हलका भरला तर थर लिहिलेल्या जाडीपेक्षा पातळ असू शकतो.

दुसरा प्रकार बंद पेशींचा फोम: नायट्राइल रबर शीट, एसीच्या डक्टवाल्यांकडे मिळते तीच. रबाळे-महापे पट्ट्यात डक्टिंगची कामं करणारे भरपूर आहेत, ते उरलेले तुकडेही देतात. ९ आणि १३ मिमी ह्या रोजच्या जाड्या. छताला १३, बाकी ९. लागेल साधारण १४ चौरस मीटर, वजन ८ किलोच्या आत. ही शीट पाणी पीत नाही आणि उष्णता अडवते, पण आवाज फारसा शोषत नाही. तिच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. तिचं काम पत्रा आणि आतलं प्लाय एकमेकांना न भिडू देणं.

तिसरा प्रकार जड विनाइलची शीट, चौरस मीटरला ५ किलोची. हीच खरी आवाज अडवते, पण दोन अटींवर: खाली फोम हवा आणि सांधे बंद हवेत. फोमवर तरंगत ठेवायची, कडा एकमेकांवर ५ सेंटिमीटर चढवून टेप मारायची. मधून स्क्रू मारलात तर तो स्क्रूच आवाजाचा पूल होतो. इंजिन कव्हरला १.२, कमानींना १.२ आणि पुढच्या अर्ध्या फ्लोअरला ३, मिळून साडेपाच चौरस मीटर, २७ किलो. सगळं मिळून ६०-६५ किलो चढतील. एक माणूस जास्त बसल्यासारखं समजा आणि टाकीत पाणी भरताना तेवढं ध्यानात ठेवा.

डांबरी शीट छताला अजिबात नको. ठाण्याच्या उन्हात उभ्या गाडीचं टप हात टेकवता येणार नाही इतकं तापतं. डांबर मऊ होऊन उलट्या पत्र्यावरून खाली लोंबतं आणि गाडीत रस्त्याच्या कामाचा वास भरतो. इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची चिकटपट्टी 'ब्यूटाइलच आहे' म्हणून खपवतात तिचंही तेच. तुकडा हेअर ड्रायरने दोन मिनिटं तापवा, डांबराचा वास आला की परत द्या.

पफबद्दल: फवारलेला पफ फुगताना पातळ पत्रा बाहेर ढकलतो, वायरिंग कायमचं गाडून टाकतो आणि त्याच्यामागे गंज धरला तर पत्रा कापल्याशिवाय दिसत नाही. आवाजालाही तो फारसा कामाचा नाही, हलका आणि कडक असतो. अंड्याच्या ट्रेसारखा फोम रेकॉर्डिंगच्या खोलीतला प्रतिध्वनी मारतो, इंजिन नाही.

---

बॉडीशॉप_कळंबोली

वरच्या दोघांशी बरंचसं सहमत, पण छत तरी १०० टक्के भरावं असं माझं मत. एकदा उघडलंच आहे तर कंजूषी कशाला?

---

पत्रा_प्लाय_तुर्भे

कंजूषीचा प्रश्न नाही, वजन चुकीच्या जागी जातं. ०.८ मिमी पत्रा चौरस मीटरला ६.३ किलो. वजन दुप्पट केलं तर आवाज जास्तीत जास्त ६ डेसिबल कमी होतो. पूर्ण छत ब्यूटाइलने भरलंत तर चौरस मीटरला ३.३ किलो वाढले, म्हणजे फायदा साडेतीन-पावणेचार डेसिबल. निम्म्यावर दोन डेसिबलच्या आसपास. कंपन तर निम्म्यातच मेलेलं असतं. उरलेल्या पावणेदोन डेसिबलसाठी टपावर आणखी ९ किलो चढवायचे आणि तेही सर्वांत उंच जागी? तेच ९ किलो विनाइलच्या रूपात फ्लोअरवर टाका, फरक कानाला कळेल.

पावसासाठी मात्र थोडी सूट देतो. थेंब थेट पत्र्यावर टिचक्या मारतात, तिथे कंपनच मुख्य. छत ६०-७० टक्क्यांपर्यंत न्यायला हरकत नाही. त्याआधी एक गोष्ट बघा: टपाखालच्या आडव्या पट्ट्या आणि पत्रा ह्यांच्यामध्ये कंपनीने लावलेला मऊ मसाला सुकून गळून पडलेला असतो. बोटाने पत्रा वर ढकला; पट्टीपासून सुटून 'टक्' करत परत बसला तर तोच पावसात ढोल वाजवतोय. पट्टीच्या कडेने दर १०-१५ सेंटिमीटरवर पीयू सीलंटची सुपारीएवढी गोळी भरा, २४ तास हलवू नका.

---

बॉडीशॉप_कळंबोली

आकडे मान्य. मग गंजाचं मी सांगतो, कारण खाडीच्या हवेत तोच खरा शत्रू. गंजावर शीट चिकटवली की गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

मागची चटई, खालचा नमदा (दाबलेल्या तंतूंचा जाड थर) सगळं बाहेर काढा. नमदा हाताने पिळून बघा. फ्लोअरवरचा जुना नमदा पावसाळ्यानंतर कित्येक महिने ओला राहतो आणि खालचा पत्रा चाळणी करतो. तो परत घालू नका. गंज वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर. प्रायमर पूर्ण मुरल्याशिवाय ब्यूटाइल लावलंत तर शीट प्रायमरसकट सोलून निघते. डब्यावर लिहिलेले तास पाळा आणि पावसाळी दमट हवेत वर अर्धा दिवस द्या.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेलने पुसायची सवय अनेकांना असते, त्याचा तेलकट थर राहतो आणि शीटची कड आठवड्यात उचलते. हे काम जून ते सप्टेंबर उघड्यावर काढू नका. ऑक्टोबरनंतर, सावलीत, सकाळी. दुपारी पत्रा तापलेला असला तर ब्यूटाइल कागद काढताक्षणी लोळागोळा होतं आणि एकदा टेकलं की हलत नाही.

रोलर दाबून फिरवायचा. पापुद्र्यावर छापलेली बारीक नक्षी सपाट होऊन नाहीशी झाली की शीट पूर्ण बसली. नक्षी शाबूत दिसते तिथे खाली हवा आहे. फुगा राहिला तर कटरच्या टोकाने टोचा आणि पुन्हा फिरवा. पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते, हातमोजे घाला.

दरवाजाच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, साधारण करंगळीच्या पेराएवढी लांबट. शीट तळापासून ५ सेंटिमीटर वर थांबवा. भोकं बुजली की दरवाजात पाणी 'डबक डबक' वाजतं आणि दोन पावसाळ्यांत तळ कुजतो. काच खाली-वर करून बघा, मगच आतलं पॅनल लावा.

आणखी एक. परदेशी व्हिडिओ बघून आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद ताणू नका. तिकडची थंडी वेगळी. इथे एसी लावल्यावर बाहेरची दमट हवा फटींतून आत शिरते आणि थंड प्लास्टिकच्या पाठीवर घाम धरते. तो घाम दोन थरांमध्ये अडकतो. हिवाळ्यात माळशेज किंवा महाबळेश्वरला मुक्काम केलात तर उलट, दोन माणसांच्या श्वासाचं पाणी टपाच्या पत्र्यावर धरतं. दोन्ही वेळी उपाय एकच: फोम पत्र्याला सलग चिकटलेला, मागे पोकळी नाही आणि सांध्यांना टेप. आवाज शोषायला काही भरायचंच असेल तर पॉलिएस्टर फायबर भरा, ग्लासवूल किंवा नमदा नको.

---

पातलीपाडा_कॅम्पर (ठाणे)

इंजिन कव्हरला नेमके थर कसे? आतून की बाहेरून?

---

नट_बोल्ट_रबाळे

दोन्हीकडून, पण माल वेगळा.

इंजिनाच्या बाजूला फोम, रेक्झिन, ब्यूटाइल काहीच नको. तिथे ॲल्युमिनियमचं तोंड असलेलं ग्लासफायबरचं मॅट, १० ते १२ मिमी. नुसत्या डिंकावर विसंबू नका, तो उष्णतेने सुटतो आणि मॅट पंख्यावर नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडतं. पिना आणि मोठे वॉशर, दर १५ सेंटिमीटरवर. कापलेल्या सगळ्या कडा ॲल्युमिनियम टेपने बंद, कारण उघडी कड डिझेल आणि ऑइल पिते आणि तेल प्यायलेलं मॅट म्हणजे वात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून चार बोटं जागा मोकळी राहिली पाहिजे, कव्हर बंद केल्यानंतर. उघड्या कव्हरवर मोजून फसगत होते.

केबिनच्या बाजूला कव्हरवर ब्यूटाइल पूर्ण, त्यावर ९ मिमी नायट्राइल, त्यावर ५ किलोची विनाइल. विनाइल कव्हरपेक्षा ८-१० सेंटिमीटर मोठी कापा, म्हणजे कड फ्लोअरच्या विनाइलवर झालरीसारखी बसेल. वर रेक्झिन शिवून घ्या. कव्हर साधारण १० किलोने जड होईल, म्हणून क्लिपा मजबूत करा आणि एक हँडल लावा. ऑइल बघायला, बेल्ट बघायला ते उघडावंच लागतं. उघडायचा कंटाळा येईल असं कव्हर करू नका.

तुमच्या घुमाऱ्याबाबत स्पष्ट सांगतो: ८० च्या पट्टीतला जाड आवाज ह्या थरांनी थोडाच कमी होईल. तो माउंटिंग आणि सायलेन्सरच्या रबरांनीच जाणार. कव्हरचे थर डिझेलची खटखट, टर्बोची शिट्टी आणि पंख्याचा आवाज मारतील. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर आधी-नंतर मोजायचं असेल तर तोच रस्ता, तोच वेग, तोच गिअर, काचा बंद, एसी बंद. आकडा खरा धरू नका, फक्त फरक बघा. मोबाइलचा माइक खालचे सूर कमी पकडतो, त्यामुळे घुमारा गेला तरी आकडा जेमतेम हलेल.

---

ओटा_आणि_बर्थ (वाशी)

खडखडीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. कॅम्परमध्ये निम्मा त्रास पत्र्याचा नसून प्लायचा असतो.

एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसून हाताने एकेक वस्तू दाबत जायची. दाबल्यावर आवाज थांबला की सापडला. ड्रॉवरच्या खाचांत फेल्टची पट्टी, दारांना ढकलून लागणारे लॅच (चुंबक खड्ड्यात सुटतो), शेगडीच्या जाळीखाली सिलिकॉनची चकती, डबे आणि ताटांमध्ये रबरी जाळीची चटई. प्लाय आणि पत्र्याच्या पट्ट्या जिथे भेटतात तिथे ३ मिमी फोम टेप, आणि स्क्रू आवळायचा तो टेप चपटी होण्याआधी थांबून. प्लायवर प्लाय घासून 'किर्र' येत असेल तर सांध्यात पातळ फेल्ट, तेल नाही. ६० लिटरची टाकी अर्धी भरून हिंदकळते. आत आडवी पट्टी नसेल तर प्रवासात एकतर भरलेली ठेवा नाहीतर रिकामी.

सरकत्या दरवाजाची 'धडधड' बहुधा मधल्या रोलरची असते. दरवाजा बंद करून बाहेरून मागची कड आत-बाहेर ढकला, ३-४ मिमी हलली तर रोलर आणि स्ट्रायकरखालचा (कुलूप ज्यात अडकतं त्या खुंटीखालचा) रबर बदला. तिथे शीट लावून वजन वाढवलंत तर रोलर आणखी लवकर जाईल.

मागच्या चाकांच्या 'सूंऽऽ' साठी कमानी भरण्याआधी टायरवरून तळहात फिरवा, पुढून मागे आणि मग मागून पुढे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टायर उंचसखल झिजलाय. काँक्रीटवर तोच ओरडतो.

आणि सील करण्याच्या भरात फ्लोअरजवळची गॅसची जाळी बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, तो बाहेर जायला खालचं भोक लागतंच. तिथून आवाज येतो ते खरं. त्यावर उपाय भोकाच्या वर १५ सेंटिमीटरचा वळणाचा खोका, आतून पॉलिएस्टर फायबर लावलेला, तळाला भोकाएवढीच वाट मोकळी. आवाज वळणात मरतो, गॅस निघून जातो. टपावरचा पंखाही तसाच चालू राहू द्या आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

---

पातलीपाडा_कॅम्पर (ठाणे)

टायर करवतीसारखाच लागतोय, मागचे दोन्ही. क्रम असा धरतो: माउंटिंग आणि सायलेन्सरचे रबर, टायर, मग फटी आणि कव्हर, त्यानंतर चालवून बघून छत आणि फ्लोअर. गंजाचं काम छत-फ्लोअर उघडल्यावर. बरोबर?

---

बॉडीशॉप_कळंबोली

बरोबर, फक्त एक बदल. छताची सीलंटची गोळी आणि फ्लोअरचा गंज एकाच वेळी उघडा, प्लाय दोनदा काढलंत की स्क्रूची भोकं सैल होतात आणि नवीन खडखड तुम्हीच तयार करता. काढताना प्रत्येक फळीवर मागून नंबर टाका आणि स्क्रू त्याच फळीला पाकिटात टेपने चिकटवा. सीटबेल्टचे बोल्ट काढावे लागले तर लावताना टॉर्क रेंच वापरा आणि बोल्टखाली फोम किंवा ब्यूटाइल अजिबात येऊ देऊ नका, ते दबत जातं आणि बोल्ट सैल होतो. त्या जागेभोवती शीट गोल कापा, वॉशरपेक्षा एक सेंटिमीटर मोठी.